गुंतवळाची पिशवी

नेरडीगोंडा, ता. १६ जानेवारी

रंजीता,

पत्र माझं आहे, तुझ्या सासूचं. अक्षर पाहून तुला वाटेल एखाद्या पोरानं लिहिलं. मी दुसरीत होते तेव्हा म्हैस व्याली, मला घरी बसवलं, तिथंच माझी शाळा संपली. फोन काऊन नाही करत म्हणशील, तर फोन तुझ्या सासऱ्यांचा, आणि ते फोन कानाला लावत नाहीत, ओट्यावर ठेवून स्पीकर लावतात. मग तू बोलणार आणि सगळी आळी ऐकणार. तसंही तू दिवाळीपासून आमचा फोन उचलत नाहीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

चंदनच्या कानामागची खूण भरली का? दिवाळीत वस्तरा नुसता डोक्याला टेकला आणि लेकरानं श्वासच धरला होता. ओठ निळे. तुझे सासरे मात्र त्याला मांडीत आवळूनच बसले, म्हणे सगळीच पोरं जावळाला रडतात. तू त्याला उचललंस आणि माहेरची, भैंशाची बस धरलीस. निर्मलच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ना, आपल्याला जसा चटका लागतो तसा या लेकराला दुसऱ्याचा हात लागतो. भाताचं शीत बोटाला चिकटलं तरी झटकत रडायचा, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

बरं, सोबत एक पिशवी आहे, ती बघ. शेजारच्या राजव्वाच्या नातवाला आणायला अंगणवाडीत गेले होते, तर दीक्षा टीचर खाली बसून पोरांसाठी पिशव्या करून राह्यली होती. कशात वाळू, कशात तूर, एका झिपच्या पिशवीत केसांना लावायचं निळं जेल आणि त्यात गुंड्या. पोरं वरून दाबतात, गुंडी सुळकन पळते. मी म्हटलं, टीचर, हे काय? ती म्हणाली, आजी, याला सेन्सरी बॅग म्हणतात, हातानं शिकायचं. मी आपली चाचपायची पिशवी म्हणते. काही लेकरांना वस्तूला हात लावायची भीती असते, ती म्हणाली, त्यांना पिशवीतून चालतं. वस्तू आत, हात बाहेर.

रंजीता, मला इतका आनंद झाला की राजव्वाचा नातू तिथंच विसरून घरी आले.

ही सरकीची आहे. माझ्या जुन्या साडीचं कापड आहे, मऊ पडलेलं. शिवण दोनदा घातली. त्याच्या हातात देऊ नको. तो बसतो तिथं जमिनीवर ठेव आणि आपलं काम कर. तो तोंडात घालत नाही ना, एवढं पाहत जा.

इकडे सगळे बरे. विनय रविवारी आदिलाबादहून येतो, बायको-लेकराशिवाय जेवतो, ताटाकडे पाहत बसतो. बाकी विशेष काही नाही.

तुझी सासू
मनकर्णा

ता. २५ जानेवारी

रंजीता,

पंढरी आला आणि पायरीवरूनच सांगितलं, आत्या, त्यानं पाय ठेवला. माझा भाचा टोमॅटो घेऊन भैंशाच्या बाजारात जातो म्हणून तुझ्या दारी पिशवी पोचते, नाहीतर मी कुठून पाठवली असती. तर त्यानं सांगितलं, चंदननं पिशवीवर आधी अंगठा टेकवला, मग पूर्ण पाऊल, आणि सरकी आत सरकली तसा तिथंच उभा राहिला. पायानं का होईना. मी राजव्वाला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पाय तं तो मलेही लावते. लाथ म्हणतेत त्याले."

मग मी जेलची करायला घेतली. मला वाटलं दुकानात कशाला जायचं, घरात जवस आहे. जवस उकळला की गुळगुळीत होतो, तुला माहीतच आहे. गाळून भरला, त्यात तुझ्या ब्लाउजच्या दोन गुंड्या टाकल्या, रागावू नकोस, तो ब्लाउज उसवलेलाच होता. फार सुंदर झाली. दोन दिवसांनी पाहते तर पिशवी उशीसारखी टम्म फुगलेली. मी ती ओट्यावर उन्हात ठेवली आणि तुझे सासरे येऊन त्यावर बसले.

"मनकर्णे, हे काय हाये?"

"लेकराचं खेळणं."

"लेकराचं खेळणं सडते काऊन?"

धोतर मीच धुतलं. दीक्षा टीचर पोट धरून हसली. म्हणाली, आजी, खायचं काही भरलं की ते आंबणारच, दुकानातलंच जेल घ्या. तिनं मला चारही कडांना रुंद चिकटपट्टी दुमडून लावायला शिकवलं. मग पाण्यात दाबून पाहायचं, बुडबुडा आला तर पिशवी गळते. आता पाठवते आहे ती तिनं तपासली आहे. निळी. थंड वाटली तर आधी उन्हात धर.

आणखी एक. काल न्हावी घरी येऊन चहा पिऊन गेला. कशासाठी आला होता ते मला नीट ऐकू आलं नाही, मी चुलीपाशी होते.

मनकर्णा

ता. १ फेब्रुवारी

रंजीता,

मला नीट ऐकू आलं होतं. मागच्या पत्रात मी लपवलं, कारण वाटलं विनय मोडता घालेल आणि तुला उगाच घोर लागेल. आज विनय आला, त्याच्यासमोरच बोलणं झालं, आणि त्यानं मोडता घातला नाही.

शिवरात्र झाली की चंदनला तीन वर्षं पुरी होतात. त्याआधी जावळ काढायचं म्हणून तुझ्या सासऱ्यांनी मंगळवार धरला आहे, दहा तारीख, वेशीवरच्या पोचम्मा देवीपाशी. सोमवारी जीप घेऊन ते आणि विनय भैंशाला येणार.

त्या दिवशी न्हावी यांना म्हणत होता, "धोंडीबा भाऊ, मागच्यासारखं झालं तं माहा हात थरथरते."

"तू वस्तरा धर. लेकरू आमी धरतो."

आज विनय म्हणाला, "बाबा, रंजीता देणार नाही."

"तिच्या बापाशी बोललो मी. तो म्हणे देवीचं काम हाये, घेऊन जा. सकाळी तिले बाजारात धाडतो म्हणे."

म्हणजे तुझ्या माहेरीही हे ठरलेलं आहे, तुला सोडून. सोमवारी तुला कोणी बाजारात पाठवलं तर जाऊ नकोस. मी सांगितलं हे तुझ्या आईला, देवका विहीणबाईंना सांगू नकोस, आणि सांगितलंस तरी आता काय करणार.

विनयवर फार राग धरू नको. त्याला बापापुढे आवाज नाही, लहानपणापासून नाही. सुपारी कातरत बसला होता, कातरली आणि खाल्लीच नाही.

तुझे सासरे दुष्ट नाहीत. त्यांच्या मनात बसलं आहे की नवस फेडला नाही म्हणून लेकरू बोलत नाही, कोणाला शिवू देत नाही. गावातही हेच बोलतात. आणि नवस तर माझा. तू दवाखान्यात होतीस, चंदन काचेच्या पेटीत, डॉक्टर काही सांगेना. मी पोचम्मापुढे पदर पसरला की लेकरू घरी आण, त्याचे पहिले केस तुझ्या पायाशी ठेवीन. तिनं तिचं केलं. माझं राहिलं. देवीला दिलेला शब्द मी कसा टाकू? हे तुला खोटं वाटत असेल, तू शिकलेली आहेस, पण मला ती पेटी अजून दिसते.

म्हणून मी एक युक्ती केली आहे. कोनाड्यात आपला गुंतवळ होता ना, विंचरताना निघालेला, भांडेवालीला द्यायला साठवलेला, तुझाही आणि माझाही. तो धुऊन वाळवला, बारीक कातरला आणि जाळीच्या कापडाच्या पिशवीत भरला. केस हाताला लागले तर भीती मोडेल. दिवसातून थोडं थोडं मानेपाशी, कानापाशी फिरव. सवय झाली तर मंगळवार सोपा जाईल. सगळ्यांचंच सुटेल.

मनकर्णा

ता. ६ फेब्रुवारी

रंजीता,

पिशवी परत आली. पंढरी म्हणाला, "आत्या, वहिनी काईच बोलली नाही. पिशवी हातात देली अन् दार लावलं."

तू बोलली असतीस, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर मला बरं वाटलं असतं. मग मी पंढरीला खोदून विचारलं. तो सांगायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, मानेला पिशवी लागताच चंदन खाटेखाली गेला आणि जेवायलाही बाहेर आला नाही. आता सरकीच्या पिशवीवर पाय ठेवत नाही. निळीकडे बघत नाही.

जे थोडं आलं होतं तेही मी घालवलं.

दीक्षा टीचरकडे गेले. तिला वाटलं मी नवीन पिशवी दाखवायला आले, हात पुढे केला. मी सगळं सांगितलं. ती पोर माझी नात शोभेल एवढी, पण स्पष्ट बोलली. "आजी, सरकीच्या पिशवीकडून तुम्हाला काहीच नको होतं. या पिशवीकडून पाहिजे होतं. लेकरांना ते कळतं."

"मंग आता काय करू?"

"मंगळवारचं काय करता ते आधी बघा."

घरी येताना राजव्वाच्या दारी बसले. ती बिड्या वळत होती. तिचं मराठी तुला माहीत आहे, अर्धं तेलुगूत बुडवलेलं. म्हणाली, "अक्का, देवीला केस पाहिजे. ते कोणाचे, हे देवीनं सांगितलं का तू?"

"मीच बोलले होते, लेकराचे म्हणून."

"मग बोलणारी तू, देणारी पण तू. माझ्या पोरीच्या बाळंतपणाला मी बोलले होते. मी गुंडू दिला, माझा. पोरीचा नाही, बाळाचा नाही."

गुंडू म्हणजे पूर्ण डोकं. त्यांच्यात बायका नवऱ्यादेखत डोकं उतरवतात, वर हळद लावतात आणि दुसऱ्या दिवशी बाजार करतात. कोणी वळून पाहत नाही. मी म्हटलं, "राजव्वा, आमच्यात मालक जिते असताना बाईचं डोकं उतरलं तं लोक काय समजतेत तुले माहीत हाये."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि बिडीला दोरा गुंडाळत बसली.

माझ्या लग्नात मला फुलं माळायला केस पुरले नव्हते म्हणून गंगावन लावलं होतं, आता आहेत तेही पांढरे आणि विरळ. पण तुझ्या सासऱ्यांना मी कशी सांगू? त्यांच्या आईचं डोकं उतरवताना त्यांनी लहानपणी पाहिलं आहे, नवरा गेल्यावर. त्यावर ते कधी बोलत नाहीत.

मी काय ठरवलं ते लिहीत नाही. लिहिलं तर माझाच पाय मागे येईल. पंढरी उद्या निघतो. सोमवारी दाराला आतून कडी घाल. कोणी हाक मारली तरी उघडू नको. माझ्या आवाजात मारली तरी नको.

मनकर्णा

ता. १० फेब्रुवारी

रंजीता,

जीप आली नाही हे तुला कळलंच असेल. कडी काढ आता.

सोमवारी उजाडल्यावर मी आपल्या न्हाव्याकडे गेले. त्याला वाटलं मी उद्याचं सांगायला आले. मी पाटावर बसले आणि पदर काढला. तो उठून उभाच राहिला. "वहिनी, धोंडीबा भाऊ जिता असताना तुमच्या डोक्याले वस्तरा लावला, तं हा गाव माह्याकडून दाढी करून घेईल का?" हात जोडले त्यानं. मी उठले. खरं सांगते, उठताना मला सुटल्यासारखं वाटलं.

पण राजव्वा बाहेर उभी होती, नारळ घेऊन. ती मला पोचम्मापाशी घेऊन गेली. तिथं तिच्या ओळखीचा म्हातारा न्हावी बसतो, तेलुगू. त्यानं माझं कुंकू पाहिलं, मंगळसूत्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, पूर्ण की तीन कात्र्या? त्यांच्यात बाईनं तीन बटा कापून दिल्या तरी नवस पोचतो म्हणे. राजव्वा माझ्याकडे पाहत होती. मला तीन कात्र्यांचा मोह झाला, आंबाड्यात लपलं असतं. पण मी देवीला लेकराचं पूर्ण जावळ बोलले होते. म्हटलं, पूर्ण काढ.

डोळे मिटून बसले होते. वस्तरा कानामागून गेला तेव्हा अंगावर काटा आला, तिथं चंदनला लागलं होतं. मग डोक्याला वारा लागला. केस इतके थोडे निघाले की मला लाज वाटली, देवीला एवढेच का म्हणून. राजव्वानं हळद लावली. मी मोठं कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. तिच्या फोनमध्ये पाहिलं तर सोललेल्या नारळासारखी दिसत होते. आम्ही दोघी हसलो, मग मी थोडी रडले, मग घरी निघाले.

दारात जीप लागलेली. तुझे सासरे पांढरा सदरा घालून पुढच्या सीटवर बसलेले, मांडीवर टॉवेल. विनय खाली उभा. मी जीपसमोर गेले आणि पदर मागे घेतला.

त्यांचं तोंड मी आयुष्यात असं पाहिलं नाही. रागावतील म्हणून मी तयार होते. ते घाबरले होते.

"मनकर्णे, मी मेलो काय?"

"तुमी कायले मरता. म्हणून तं कुंकू लावून आले."

"कोणाले इचारून केलं?"

"नवस बोलताना कोणाले इचारलं होतं? माहा नवस, माहे केस. देवीचं फिटलं."

"लेकराचे केस तं राह्यलेच."

पुढे माझ्याजवळ काहीच नव्हतं, रंजीता. ते गाडी काढा म्हणाले असते तर मी चाकापुढे बसण्याशिवाय काय करणार होते? ड्रायव्हर म्हणाला, "काका, निघाचं का?"

तेव्हा विनय बोलला. "नाही. गाडी बंद कर." बापाकडे न पाहता बोलला, पण बोलला. "देवीचं फिटलं, बाबा. आता लेकराले धरणं हे देवीचं काम नाही. ते आपलं काम हाये, अन् मी ते करत नाही."

तुझे सासरे उतरले नाहीत. ड्रायव्हर चहाला गेला, परत आला, तरी बसलेलेच. ऊन चढलं तेव्हा उतरले, टॉवेल डोक्यावर घेऊन शेताकडे गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी वाढते, ते जेवतात, भाकरी पाहिजे असली की ताट जरा पुढे सरकवतात.

आज मंगळवार गेला.

विनयला यायचं आहे. तू म्हणशील तेव्हा येईल.

मनकर्णा

ता. २३ फेब्रुवारी

रंजीता,

काल तू दार उघडलंस आणि माझ्या डोक्याकडे पाहून चहा ठेवायला आत गेलीस. तू रडून आलीस हे कपावरून कळलं, अर्धी साखर बशीत होती. त्या वेळात बाहेर काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

आधी बसस्टँडचं सांगते. मी एकटी निघाले होते. पाहते तर तुझे सासरे मागून येऊन उभे, माझी पिशवी हातातून घेतली, बोलले नाहीत. बसमध्ये एक बाई सरकून मला जागा देत म्हणाली, "मालक कधी गेले, बाई?" मी तोंड उघडायच्या आत वरून आवाज आला. "हा काय, पिशवी धरून उभा हाये." ती बाई निर्मलपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. दिवसामागून दिवस गेल्यावर त्यांचा हा पहिला शब्द, आणि तोही माझ्याशी नाही.

तर तू आत गेलीस. मी जमिनीवर बसले, निळी पिशवी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून फरशीकडे पाहत बसले. तो खाटेखाली होता. तुझे सासरे दाराच्या आतही आले नव्हते, उंबऱ्यापाशी बसलेले.

चंदन बाहेर आला. माझ्याभोवती फिरला. माझ्या डोक्यावर आता बारीक खुंट आले आहेत, दाढीसारखे. त्यानं मागून एक बोट लावलं आणि काढलं. मी हलले नाही. मग तळहात ठेवला. रंजीता, त्याचा हात. तीन वर्षांत त्यानं आपण होऊन मला लावलेला पहिला हात. खुंट उलटे केले की टोचतात, सुलटे केले की मऊ लागतात, ते त्याला सापडलं. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. मग दोन्ही हात. मग गाल टेकवून उभा राहिला, त्याचे लांब केस माझ्या कपाळावर आले, त्याला त्याचं काहीच नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, नाकाला खाज सुटली होती, पण मी मूर्तीसारखी बसले. तू कप घेऊन आलीस आणि तो पळाला. तू काही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

तुझ्या सासऱ्यांनी सगळं पाहिलं.

तुला घरी ये म्हणत नाही. तुझं मन होईल तेव्हा ये. विनयनं आदिलाबादला खोली पाहिली आहे, तिथं राहायचं असलं तरी चालेल, मला फक्त पत्ता दे, पिशव्या पाठवायला. दीक्षा टीचरनं आता बाजरीची सांगितली आहे.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली, दोघं शेजारी बसलो. निर्मल सुटेपर्यंत ते मांडीवरची पिशवी सरळ करत राहिले. मग बाहेरच पाहत म्हणाले, "कधी वाढतील हे?"

"होळीपर्यंत बोटभर येतील. मंग आंबाडा घालायले वरीस लागन."

घाट लागला, गाडी हळू झाली.

"होळीच्या आंधी एकदा येऊ भैंशाले," ते म्हणाले. "तवरोक वाढू देऊ नको."

मी म्हटलं, "न्हावी हात लावत नाही मले."

"न्हाव्याले मी सांगतो."

मनकर्णा